वीस नट

आमच्या दुकानात प्रत्येक चाक दोनदा आवळलं जातं. आधी मी आवळते, मग आण्णा आवळतात.

मी संजीवनी, आणि आण्णा म्हणजे माझे वडील, हिंदुराव. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमचं टायरचं दुकान आहे. एका बाजूला जीन्स शिवणाऱ्याचा कारखाना, दुसऱ्या बाजूला सिंधी मुकेशशेठचं स्पेअर पार्टचं दुकान. आण्णा साताऱ्याकडून आले तेव्हा याच जागेत रिक्षांच्या चाकांत हवा भरायचे. मी आयटीआय केलं, ठाण्याला एका मोठ्या टायर शोरूममध्ये सहा वर्षं काढली आणि परत आले. तिथला साहेब ओरडायचा आणि उलट उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. इथं आण्णा ओरडतात, पण इथून मला कोणी काढू शकत नाही, एवढाच काय तो फरक.

येताना मी स्वतःच्या पैशांनी टॉर्क रेंच आणला. नट जेवढा आवळायला हवा तेवढा जोर त्यावर आधी लावून ठेवायचा. तो जोर पुरा झाला की पाना हातातच 'टक' करतो. तिथं थांबायचं. त्याहून जास्त नको, कमी तर नकोच. आण्णांकडे मात्र त्यांचा जुना पाना आहे आणि त्याला लावायला दोन हात लांबीचा लोखंडी पाइप. मी शेवटचा टक ऐकून उठले की आण्णा गिऱ्हाइकाच्या देखत पाइप घेऊन येतात आणि प्रत्येक नटाला एकेक हिसका देतात. गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. लोक दुकानात शिरताना मला ओलांडून आत बघतात आणि विचारतात, "शेठ कुठंयत?" का विचारणार नाहीत? शेठच जर पोरीचं काम पुन्हा तपासत असतील तर लोकांनी काय समजायचं?

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" मी एकदा भांडून विचारलं.

"तुझ्यावर हाय गं," आण्णा म्हणाले. "नटावर न्हाई."

त्याला कारण आहे. तरुणपणी त्यांनी शहाडच्या पुलाखाली एका टेम्पोचं चाक निखळून रस्त्यापलीकडे उड्या मारत जाताना पाहिलं होतं. चाक दुसऱ्याच कोणी बसवलं होतं आणि माणसंही वाचली. पण आण्णांच्या मनातून ते चाक अजून गेलेलं नाही. हे सगळं मला कळतं. कळलं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे?

यंदा जीन्सवाल्यानं आमचा गाळा भाड्यानं मागितला. आण्णांचे गुडघे गेलेत, दिवाळीनंतर त्यांना बसून राहायचंय. गाळा त्याला द्यायचा की दुकान माझ्या हाती सोपवायचं, यावर त्यांचं काही ठरत नव्हतं. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. अशात एका सोमवारी कल्पेश आला.

कल्पेश बदलापूर गावातला, आगऱ्यांचा पोरगा. पंचविशीचा, गळ्यात चेन, बोलणं निम्मं हिंदी. त्याची गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. गाडीच्या मागच्या सीटवर चार नवे टायर कसेबसे कोंबलेले होते. रुंद, चपटे, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले.

"ताई, ठाण्याला जायला टाइम नाही. तुम्ही तिकडंच होता ना आधी? होईल ना तुमच्याकडं?" त्यानं विचारलं. "आमचा बारा-तेरा जणांचा ग्रुप आहे. सगळ्यांना असलेच टाकायचेत. माझं बघून ठरवणार साले."

आण्णांनी मला बाजूला घेतलं. "हे चार बसव," ते म्हणाले. "काय म्हणतंय गिऱ्हाईक, बघू. मग त्या जीन्सवाल्याला काय ते सांगतो."

म्हणजे दिवाळीनंतर मी दुकानात असणार की जीन्सच्या ढिगाऱ्यापुढून कामाला ठाण्याला जाणार, ते या चार टायरांवर आलं होतं.

मी जीव ओतून काम केलं. त्या टायरांना फिरण्याची दिशा असते, कडेला बाण असतो. तो बाण पुढं जाणाऱ्या चाकाच्या दिशेनं हवा. आण्णांच्या मते तो बाण म्हणजे कंपनीची फॅशन. मी चारही बाण तीनतीनदा तपासले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, आणि एका चाकाला पाच असे वीस नट टॉर्क रेंचनं आवळले. आण्णा पाइप आणायला वळले तसं मी मुकेशशेठना डोळ्यानं खुणावलं.

"हिंदुराव साईं, चाय आई आहे, चलो," म्हणत त्यांनी आण्णांना हाताला धरून नेलं. अॅल्युमिनियमची रिम होती. पाइपच्या हिसक्यानं तिला तडा गेला असता, बोल्टाचे आटे गेले असते. आण्णा परत येईतो गाडी गेलेली होती. एकदाच आवळलेल्या चाकांवर आमच्या दुकानातून गेलेली ती पहिली गाडी.

नव्या टायरवर साच्यातलं गुळगुळीत मेण असतं, म्हणून मी कल्पेशला आठवडाभर सावकाश चालवायला सांगितलं होतं. रविवारी त्याच्या गावात ब्रेकची चाचणी. तो आठवडा आण्णांनी कसा काढला ते मी पाहिलंय. जेवताना घास हातात धरून विचारायचे, "फोन न्हाई ना आला त्या पोराचा?" रविवारी सकाळी मी आमच्या जुन्या व्हॅनमध्ये जॅक नि पाने भरले, तर आण्णा आधीच पुढं बसलेले. मागं त्यांचा पाना आणि पाइप.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"मी कुठं काय म्हणतोय?" म्हणत ते खिडकीतून बाहेर बघायला लागले.

अंबरनाथ ओलांडून आम्ही बदलापूर गावात पोचलो तेव्हा कल्पेशच्या अंगणात पूजा चालू होती. त्याची आई, जनीमावशी, नवीन टायरांना हळदकुंकू लावत होत्या. चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती, समोर नारळ. टायर दुकानातून गेले त्याहून जास्त काळे दिसत होते. उन्हामुळं असेल असं मला वाटलं. शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात, म्हणून हातमोजे घालून मी वीसही नटांना रेंच लावला. वीस वेळा टक झालं. आण्णा व्हॅनला टेकून ओठ हलवत मोजत होते.

अंगणाच्या कडेला जांभळाच्या झाडाखाली एक म्हातारा उभा होता. काळा, ताठ, कमरेला पंचा. पूजेकडे त्यानं पाठ केली होती.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "ते कोण?"

"बाबा," कल्पेश म्हणाला. गाडीनं लिंबं चिरडली आणि आम्ही रस्त्याला लागलो. "चंदरशेठ. दीड वर्ष झालं गाडी येऊन, बोट नाय लावलं. बसणं तर लांबच. हा रोड दिसतो ना समोरचा? आमचंच शेत होतं. पीक निघालं की याच मैदानात बाबा शर्यतीचे बैल पळवायचे. रोडमध्ये जमीन गेली, पैसे आले, बैल विकायला लागले. आणि मी ही घेतली. तेव्हापासून माझ्याशी बोलतात ते जेवायला बस, एवढंच."

तो हे हसत सांगत होता, पण स्टिअरिंगवरचं त्याचं बोट थांबत नव्हतं.

रस्ता नवा, काँक्रीटचा, रुंद, आणि पुढं अजून पूल व्हायचा होता म्हणून बंदच. एक माणूस नाही की एक गाडी नाही. मी येतानाच कडेला दोन विटा ठेवल्या होत्या. तिथवर साठच्या वेगानं यायचं आणि ब्रेक मारायचा. जुने टायर किती लांब थांबायचे ते कल्पेशला पाठ होतं. नवे किती आधी थांबतात ते बघायचं होतं. घरापासून हे अंतर जेमतेम तीनशे पावलांचं, म्हणून आण्णांनी व्हॅन तिथवर आणली आणि बाकीचे चालत येऊन कडेला उभे राहिले. जनीमावशी, आण्णा, आणि बराच मागं चंदरकाका.

कल्पेशनं गाडी पुढं घेतली तेव्हाच डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकला. चाकं पकड घेत नसल्याची ती खूण. मला काही कळायच्या आत आम्ही साठवर होतो. विटा आल्या. कल्पेशनं ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकतच राहिली. मग तिचं मागचं अंग सुटलं. काँक्रीट, झाड, आकाश, आण्णांचा पांढरा सदरा, सगळं माझ्या काचेसमोरून एकदा फिरलं, आणि आम्ही उलटं तोंड करून कडेच्या गवतात थांबलो.

कोणाला खरचटलंही नव्हतं. मी दार ढकलून बाहेर आले.

"ताई, काय यार!" कल्पेशचा आवाज फाटला होता. "टायर बसवलेत की साबण? मरलो असतो आता! ग्रुपला काय सांगू मी?"

आण्णा त्या गुडघ्यांनी धावत आले. आधी त्यांनी माझे दोन्ही खांदे चाचपले, मग वळले आणि व्हॅनमधून पाना नि पाइप घेऊन आले. "मी म्हणत हुतो," ते पुटपुटले. "फेरा राहिला माझा. ढिलं राहिलं असनार." आणि कल्पेशच्या देखत, जनीमावशींच्या देखत, ते पुढच्या चाकापाशी खाली बसायला लागले.

मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो. "थांबा!" मी ओरडले. "नट ढिला असता तर चाक हललं असतं, गाडी अशी घसरली नसती. मला बघू द्या."

बाण बघितले, बरोबर होते. हवा मोजली, बरोबर होती. मग मी हातमोजा काढला आणि टायरच्या खाचांवरून बोट फिरवलं. बोट गुळगुळीत सरकलं. नाकाशी नेलं. खोबरेल तेल.

कडेला नाही, टायर रस्त्याला टेकतो त्या पोटावर. खाचाखाचांत, बोटानं निगुतीनं भरल्यासारखं. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि त्याबरोबर संतापही. कोणत्या शहाण्यानं हे केलं? मी तोंड उघडलं, नजर वर केली, आणि मला चंदरकाका दिसले. ते आता पुढं आले होते. गाडीकडे बघत होते, त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि दोन्ही तळहात पंच्याला पुसत होते. पंच्यावर तेलाचे डाग होते.

दीड वर्षात बोट नाही लावलं म्हणाला होता पोरगा.

मी तोंड मिटलं. माझ्या उभ्या आयुष्यात तयार उत्तर मी असं गिळल्याचं मला आठवत नाही. मी बोट दाखवलं असतं तर सुटले असते. काम चोख, ग्रुपच्या बारा गाड्या माझ्या, दुकान माझं. आणि हा पोरगा बापावर असा भडकला असता की त्या म्हाताऱ्यानं पुन्हा या गाडीकडे पाहिलं नसतं. मला ते करवेना.

"माझंच काहीतरी राहिलंय," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "चाकं काढून बघते. अर्धा तास दे मला."

आण्णांनी मान खाली घातली. जीन्सवाल्याला गाळा गेलाच, असं मी धरून चालले.

"अर्धा तास कशाला?" कल्पेश म्हणाला. "सोडा ताई. मी ठाण्यालाच जातो. पहिल्यांदाच तिकडं जायला पाहिजे होतं. ज्याला येत नाय त्यानं सरळ सांगावं ना, नाय येत म्हणून!"

"तिला कशाला बोलतंस?"

चंदरकाकांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. खडबडीत, मोठा, मैदानावर कमावलेला.

"त्या पोरीला काय बोलू नको. त्याल मी लावलाय."

कल्पेश गर्रकन वळला.

"सकाली उठून लावला. तुमी उठायचे आंगोदर." ते कल्पेशकडे न बघता गाडीकडे बघून बोलत होते. "शर्यतीचे दिवशी पाखऱ्याचे शिंगांना लावायचो, खुरांना लावायचो. तसाच नाय सोरला कदी त्याला मैदानात. तू हिला नवीन पाय आनलंस. याच मैदानात पलवनार बोललास. मग म्हटला, कोरडे पायांनी कशी धाडायची?"

कल्पेशनं फार हळू विचारलं, "बाबा, तुम्ही गाडीला हात लावलात?"

"गाडीला नाय," चंदरकाका तडक म्हणाले. "टायरला."

जनीमावशींना आधी हसू फुटलं. मग मला. कल्पेश हसला नाही. तो गवतात बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोळे दाबले. म्हातारा त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. पोराला हात लावायचं धाडस त्याला होत नव्हतं. शेवटी त्यानं तेलकट तळहात एकदा पंच्याला पुसला आणि पोराच्या डोक्यावर ठेवला.

आण्णा मात्र माझ्याकडे बघत होते.

"तुला ठावं हुतं," ते म्हणाले. "बोट हुंगलंस तवाच."

मी खांदे उडवले.

"मग बोलली का न्हाईस? तू?"

"तुमच्यावर गेलेय," मी म्हणाले. खरं तर ते खोटं होतं. आण्णाही असे गप्प बसले नसते.

मग कामाला लागलो. जनीमावशींनी भांड्यांचा साबण कालवून दोन बादल्या पाणी आणलं, नारळाच्या शेंड्या आणल्या. मी गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक उतरवलं आणि आम्ही पाच जण रस्त्यावर बसून टायर घासायला लागलो. कल्पेशला घासताच येत नव्हतं.

"भांडी घासलीस का कदी जन्मात?" त्याची आई म्हणाली. चंदरकाका प्रत्येक खाचेत नख घालून साबण काढत होते आणि मध्येच पुटपुटत होते, "टायरला खाली लावायचा नसतो, कोन सांगल? खूर काय वरूनच असतो?" कल्पेशला आता हसू आवरेना. त्यानं पाखऱ्याबद्दल काहीतरी विचारलं आणि म्हातारा सांगत सुटला. कुठली शर्यत, कुठलं मैदान, किती छकडे. मी ऐकल्यासारखं करून कान दुसरीकडे वळवले. ते त्यांचं दोघांचं होतं.

तीनदा धुऊन, कोरडं पुसून, मी उघड्या हातानं प्रत्येक टायरवरून बोट फिरवलं. बोट आता अडकत होतं. चाकं चढवली, गाडी खाली घेतली आणि रेंच हातात घेतला. टक. टक. टक. विसावा टक झाला तेव्हा माझ्या मानेवरून घाम गळत होता. मी उठले आणि सवयीनं बाजूला सरकले. आण्णा उभे होते. त्यांच्या हातात पाना होता, पान्याला पाइप होता.

"या, पावनं," चंदरकाका त्यांना जागा करून देत म्हणाले. "तुमी बगनार ना नट? मंगाशी बी तुमीच बगाया निगाला होतात. मना आता पोराबरोबर बसायचाय, बगून घ्या एकदा."

आण्णांनी गाडीकडे पाहिलं. चारी चाकांवरून त्यांची नजर फिरली. मला वाटलं, आता बसतील खाली. रिम गेली तर गेली, मी काही बोलणार नव्हते. बोलायचं बळच उरलं नव्हतं.

"न्हाई," आण्णा म्हणाले. "तिनं बघितल्यात."

एवढंच म्हणाले. मी एकदम पाठ वळवली आणि बादलीतलं घाण पाणी गवतात ओतायला गेले. ते ओतायची काही गरज नव्हती.

चंदरकाकांना गाडीत बसवायला आम्हाला तिघांना हातभार लावावा लागला. "ही गारी हाय का घमेला?" ते आतून ओरडले. "बूड टेकला जमिनीला!" कल्पेशनं त्यांचा पट्टा लावला, तेव्हा त्यांनी पोराचा हात क्षणभर धरून ठेवला आणि सोडला. गाडी लांब गेली, वळली आणि आली. पिवळा दिवा लागला की नाही ते मला बाहेरून दिसणार नव्हतं, पण आवाजावरून कळलं. चाकं रस्ता धरून होती. विटांपाशी ब्रेक लागला, गाडीनं नाक खाली केलं आणि सरळ रेषेत, जुने टायर थांबायचे त्याच्या चांगलं दोन गाड्यांच्या अंतरानं आधी उभी राहिली.

खिडकीतून चंदरकाकांची आरोळी आली, बैलाला घालतात तसली, लांबलचक. जांभळावरचे पक्षी उडाले. "अजून एकदा!" ते ओरडत होते. "पोरा, हान अजून एकदा!"

त्या दिवशी सात फेऱ्या झाल्या. कल्पेशनं मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकताना मला दाखवला. खाली लिहिलं होतं, उल्हासनगर, कॅम्प चार, संजीवनीताई. आम्हाला जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. निघताना जनीमावशींनी पूजेचा नारळ माझ्या ओटीत घातला.

व्हॅन अंबरनाथपर्यंत आली तेव्हा आण्णा पहिल्यांदा बोलले. "जीन्सवाल्याला उद्या सांगून टाकतो. गाळा न्हाई म्हणून."

मी रस्त्यावर नजर ठेवून फक्त मान हलवली. थोड्या वेळानं आरशात बघितलं तर मागं जॅक होता, रेंच होता, आण्णांचा पाना होता.

"आण्णा, पाइप राहिला की तिकडं!" मी ब्रेकवर पाय ठेवला. "वळवू का?"

"राहू दे," आण्णा म्हणाले आणि त्यांनी खिडकीची काच खाली केली. "चंदरशेठना दिलाय. कुंपनाला लागत हुता त्येन्ला."